बाईसाहेबांचा शेवटचा सीन

करायला गेला गणपती आणि झाला मारुती, असं रेणूच्या आयुष्यात दोनदा झालं. पहिल्यांदा लग्नात, असं ती नवऱ्याच्या, परीक्षितच्या, तोंडावर हसत हसत म्हणायची. दुसऱ्यांदा ह्या शनिवारी, आणि ह्या वेळी हसायची सोय नव्हती.

शुक्रवारी संध्याकाळी ती आणि परीक्षित ओहायोतल्या डब्लिनहून साडेतीन तास गाडी हाकत मिशिगनमधल्या नोव्हायला आले ते मदतीसाठी. सोमवारी मोठ्या जावेचं, मानॉनवहिनीचं, घशाचं ऑपरेशन होतं. मदतीला आलेली रेणू पाहुणीसारखी बसणार थोडीच! शनिवारी सकाळी सातलाच तिने कमरेला ओढणी बांधली. बेसमेंट झाडलं, फ्रिज पुसला, आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीतलं मोठं कपाट उघडलं. चांगलं पाच-सहा माणसं उभी राहतील एवढं कपाट. आत सासूबाईंच्या हातच्या गोधड्या. मोजून अकरा. एकेक दर भारतवारीत बॅगेतून आणलेली, सासूबाईंच्या जुन्या साड्यांची. आणि त्या सगळ्या चिमटे लावून भिंतींना टांगलेल्या, दाराला टांगलेल्या, एक तर चक्क छताला! वर पाच वर्षांची धूळ.

"शी! गोधड्या काय टांगायच्या असतात?" रेणू स्वतःशीच म्हणाली. मधोमध ठेवलेल्या मायक्रोफोनला मात्र तिने बोट लावलं नाही. उलट त्यावर एक स्वच्छ पंचा झाकला. आणि अकराच्या अकरा गोधड्या गरम पाण्यात, दोन खेपांत, मशीनला टाकल्या.

साडेनऊला मशीन थांबलं तेव्हा आत गोधड्या नव्हत्या, भिजलेला लगदा होता. टाके उसवलेले, थर एकमेकांत पिळले गेलेले. रेणूने त्या कशाबशा सोडवून मागच्या डेकच्या कठड्यावर घातल्या आणि वळून बघते तर दारात मानॉन.

मानॉनने आठवडाभर एक शब्द उच्चारला नव्हता. डॉक्टरांचा हुकूमच होता. गळ्यात दोरीने एक छोटी पाटी अडकवलेली असायची, त्यावर ती मार्करने लिहायची. आत्ता तिने पाटीला हातही लावला नाही. कठड्यावरून ठिबकणाऱ्या गोधड्यांकडे ती नुसती बघत राहिली, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"वहिनी, खूप धूळ होती हो," रेणू म्हणाली. "म्हटलं ऑपरेशनआधी घर स्वच्छ... वहिनी? काय झालं?"

मानॉन तिथेच पायरीवर बसली. तेवढ्यात तिची एकवीस वर्षांची लेक रुचा मागून आली, तिने कठड्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात डोक्याला लावले.

"ओ माय गॉड. काकू! तो स्टुडिओ होता!"

*

स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती सगळे जमले. पोह्यांच्या बशा भरलेल्या होत्या, पण खात एकटा परीक्षित होता.

प्रश्न साधा होता आणि म्हणूनच सुटत नव्हता. मानॉन गेली सव्वीस वर्षं हॉलिवूडच्या एका मोठ्या नटीचा फ्रेंच आवाज होती. नटीचं नाव बाहेर सांगायचं नाही असा करार असल्यामुळे घरात तिला 'बाईसाहेब' म्हणायची पद्धत पडली होती. बाईसाहेबांनी ह्या सिनेमानंतर काम सोडायचं जाहीर केलं होतं. अख्खा सिनेमा मानॉनने वरच्या कपाटात, आवाज घुमू नये म्हणून टांगलेल्या त्या गोधड्यांमध्ये बसून डब केला होता. राहिला होता फक्त शेवटचा सीन. त्याचा अर्धा भाग मागच्या आठवड्यात गुरुवारी झाला आणि घसा बसला; उरलेला आज दुपारी दोनला. माँट्रियालहून डायरेक्टर लाइनवर येणार आणि तीनला सिनेमा पुढे मिक्सिंगला जाणार.

"डॉक्टरांनी तिला वीस मिनिटं दिलीत," सत्यजित म्हणाला. तो मानॉनचा नवरा, परीक्षितचा थोरला भाऊ. गाड्यांच्या ब्रेकचं डिझाइन करतो, आणि बोलतोही तसंच. "सोमवारपर्यंत एकूण वीस. तीही अगदीच गरज असेल तर. मी म्हणतो, गरज नाही. कॅन्सल कर, मानॉन. गोधड्या गेल्या हे एका अर्थी बरंच झालं."

मानॉनने पाटीवर लिहिलं आणि त्याच्यासमोर धरलं. 'नाही.'

"एका सीनसाठी?"

"बाबा, इट्स नॉट वन सीन," रुचा म्हणाली. "एका फिल्ममध्ये दोन आवाज चालत नाहीत. आज झालं नाही तर ते दुसरीला घेतील आणि ती पूर्ण फिल्म परत करेल. ममाँचं सगळं पुसून टाकतील."

"पुसू देत! सव्वीस वर्षं केलंय ना? कमी झालं का?"

"दादा, असं कसं म्हणतोस यार," परीक्षित म्हणाला. "शेवटची मॅच आहे आणि तू म्हणतोस नव्वदवर रिटायर हो."

"तू गप रे. तुझ्या बायकोने घोळ घातलाय आधीच."

रेणूचे डोळे भरून आले. तिने ओढणीचं टोक तोंडाला लावलं.

"तिला कशाला बोलतोस?" हा आवाज शैलजाबाईंचा, सासूबाईंचा. ह्या घरातली सगळ्यात मोठी व्यक्ती, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, नागपूरच्या मुलींच्या शाळेत छत्तीस वर्षं मास्तरीण. त्या बोलल्या की पोरं आजही खुर्चीत सरळ बसायची. "धुतल्या तेच बरं केलं. मी पांघरायला दिल्या होत्या. ह्यांनी भिंतीला लावल्या. मी काही बोलले नाही, पण मला काय दिसत नव्हतं?"

झालं! पाच वर्षं पोटात ठेवलेलं आज टेबलावर आलं. सत्यजितला आईचा आधार मिळाला, रेणूला सासूची ढाल मिळाली, आणि मानॉन एकटी पडली. तिने सासूकडे पाहिलं. मग पाटी पुसली आणि खाली मान घालून लिहायला लागली. मराठी लिहिताना तिला वेळ लागायचा. वेलांट्या ती आधी काढायची आणि अक्षरं नंतर. सगळे थांबून राहिले.

'आई, भिंतीला नाही. माझ्या चारी बाजूंनी. मी रोज पांघरूनच काम करते.'

शैलजाबाईंनी चष्मा लावून ते वाचलं. परत एकदा वाचलं. मग चष्मा काढून पदराने पुसत बसल्या, जरा जास्तच वेळ.

*

अकराच्या सुमारास परीक्षित दुकानातून सहा जाडजूड कम्फर्टर, म्हणजे इथल्या रजया, घेऊन आला आणि रेणूने ते रडत रडत चिमट्यांनी टांगले. मानॉन आत स्टुलावर बसून होती. समोर छोटा पडदा, त्यावर गुरुवारचं थांबलेलं चित्र: तळ्याकाठचं घर, खिडकीशी बाईसाहेब, तोंड अर्धवट उघडं. तोंडात शब्द नाही.

मानॉनला हे अर्धवट उघडं तोंड फार ओळखीचं होतं. सातव्या वर्षी कॅनडातल्या शिकूतिमी गावच्या रेडिओवर तिने लोण्याची जाहिरात केली होती, डब्यावर उभं राहून, कारण माइकपर्यंत उंची पोचत नव्हती. एकोणिसाव्या वर्षी ती सिनेमात आली. गोठलेल्या नदीवरून लाल कोट घालून एक मुलगी चालत जाते, चालतच राहते, एवढंच त्यात होतं. पण त्या हिवाळ्यात क्युबेकमधल्या प्रत्येक बसथांब्यावर तो लाल कोट होता. दोन वर्षं लोक तिला रस्त्यात थांबवायचे. मग ते थांबवणंही थांबलं. सव्विसाव्या वर्षी एका निर्मात्याने गोड हसून सांगितलं की तुझा चेहरा आता सगळ्यांनी पाहिलाय. घरी जाऊन ती ढसाढसा रडली, आणि पुढच्याच आठवड्यात एका अंधाऱ्या खोलीत पहिल्यांदा पडद्यावरच्या बाईसाहेबांसमोर उभी राहिली.

चित्राखालून शब्दांची एक पट्टी वाहत यायची, उजवीकडून डावीकडे. उभ्या रेघेला शब्द टेकला की तो तोंडातून निघाला पाहिजे. आधी नाही, नंतर नाही. पहिल्या दिवशी ती घाबरली. दुसऱ्या दिवशी तिला वाटलं की ही तीच नदी आहे, फक्त बर्फ वितळलाय. बाईसाहेब चिडल्या की हिच्या छातीत राग यायचा. बाईसाहेबांना पडद्यावर मूल झालं तेव्हा हिच्या पोटात रुचा होती, आणि तो सीन करताना दोघींपैकी कोण ओरडतंय ते मानॉनला कळेना. दोघींची आयुष्यात एकदाही भेट झाली नाही. तरी माँट्रियालमधले टॅक्सीवाले हिने पत्ता सांगितला की मागे वळून बघायचे. चेहरा नवा, आवाज घरचा! नोव्हायमध्ये कोणी वळलं नाही. सत्यजितसाठी ती इथे आली, आणि इथे तिचा आवाज म्हणजे दुकानात दोनदा विचारावं लागणारं इंग्रजी आणि सासूशी जपून बोललेलं मराठी. त्याची तिने कधी तक्रार केली नाही. पण डॉक्टरांनी त्या गुरुवारच्या दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं, "आवाज परत येईल. पण हाच येईल असं मी सांगू शकत नाही." तेव्हापासून तिला झोप नव्हती. बाईसाहेबांना अर्ध्या वाक्यात सोडून जायचं नव्हतं तिला. बाकी काही नको होतं.

पावणेदोनला डायरेक्टर लाइनवर आली. मानॉनने कानाला हेडफोन लावले, दुसरे रुचाने लावले, आणि मानॉनने एक टाळी वाजवली. खोलीचा आवाज तपासायची हीच रीत.

 पलीकडून डायरेक्टर बोलली आणि रुचाने बाहेर सगळ्यांना सांगितलं, "ती म्हणतेय, डब्यासारखं वाजतंय. गुरुवारचं आणि आजचं जोडलं तर लगेच कळेल. हे कम्फर्टर हलके आहेत खूप."

"बघ," सत्यजित म्हणाला. "देवाचीच इच्छा दिसते."

"तू कधीपासून देव मानायला लागलास?" शैलजाबाई म्हणाल्या.

*

त्या कधी जिना चढून वर आल्या ते कोणाला कळलं नव्हतं. गुडघ्यांमुळे त्या महिनोन्महिने वर येत नसत. कपाटाच्या दारात उभं राहून त्यांनी आत पाहिलं. मग स्वतः एक टाळी वाजवली, कान देऊन ऐकली.

"मे महिन्यात रिकाम्या वर्गात बोललं की असाच आवाज घुमायचा," त्या म्हणाल्या. "जूनमध्ये साठ पोरी येऊन बसल्या की तोच वर्ग मुका. भिंती त्याच, बाकं तीच." त्या वळल्या. "जाड, जड, मऊ असंच काहीतरी हवंय ना? मग आम्ही काय वाईट आहोत?"

कोणाच्याच काही लक्षात येईना.

"अरे, बघता काय? आत उभे राहा सगळे. अंगावर कपडे चढवा. थंडीचे कोट काढा ते."

"आजी, यू आर अ जीनियस!" रुचा ओरडली आणि जिन्याखालच्या कोटांकडे धावली.

"आई, ऑगस्ट महिना आहे," सत्यजित म्हणाला. "आणि एसी बंद ठेवावा लागतो रेकॉर्डिंगला. तुला चक्कर येईल."

"येऊ दे. नागपूरची आहे मी. ह्याला काय ऊन म्हणतात?"

एसी बंद झाला, फ्रिज बंद झाला. परीक्षित शेजाऱ्याला गवत कापायचं मशीन अर्धा तास थांबवायची विनंती करून आला. मग एकेक जण आत शिरला. परीक्षितने मिशिगनच्या जानेवारीतलं जाकीट चढवलं, त्यावर शाल. रेणूने दोन कोट घातले आणि कम्फर्टर डोक्यावरून घेऊन कोपऱ्यात उभी राहिली, शिक्षा झाल्यासारखी. शैलजाबाईंनी नेसत्या साडीवर दोन स्वेटर, वरून सत्यजितचा ओव्हरकोट घातला, आणि करकरतं म्हणून स्टूल नाकारलं. रुचा कोट घालून हेडफोनसकट शेजारी. मानॉन मधोमध. ती हसत होती, पण हसण्याचाही आवाज करायची परवानगी नव्हती, म्हणून नुसतेच खांदे हलत होते.

टाळी वाजली. रुचाने ऐकून सांगितलं, "ऑलमोस्ट. दाराची बाजू रिकामी आहे. अजून एक माणूस हवा."

सगळ्यांनी बाहेर पाहिलं. सत्यजित खोलीत पलंगाच्या कडेवर बसला होता.

"ये रे," शैलजाबाई म्हणाल्या. फर्मावलं नाही त्यांनी. विनवलं. "मुलाला आईनं किती वेळा सांगायचं असतं?"

तो उठला. त्याला राग आला होता आणि रागाखाली भीती होती, आणि भीतीचं काय करायचं असतं ते त्याला कोणत्याही कॉलेजात शिकवलं नव्हतं. त्याने कोट घातला, दार ओढून घेतलं आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. हातात फोन, फोनवर घड्याळ. "वीस मिनिटं," तो मानॉनला म्हणाला. "एक सेकंद जास्त नाही." तिने मान डोलावली.

पडद्यावर चित्र हललं. मानॉनने आठ दिवसांनी तोंड उघडलं.

पहिल्यांदा दोन मिनिटं नीट गेली आणि परीक्षितच्या पोटात गुरगुरलं. डायरेक्टर हसली, रेणूने नवऱ्याला कोपर मारलं, पुन्हा सुरुवात. दुसऱ्यांदा मधल्या एका वाक्याला आवाज चिरला. मानॉनने डोळे मिटले, पाणी प्यायली, बोट वर केलं. तिसऱ्यांदा.

सत्यजित घड्याळ बघत होता. मग त्याचं घड्याळाकडे लक्ष राहिलं नाही.

ही बाई घरात बोलायची तेव्हा एकेक शब्द चाचपून टाकायची, अंधारात जिना उतरावा तसा. त्याला वाटायचं, स्वभावच आहे तिचा. कमी बोलणारी आहे. तो सगळ्यांना तसंच सांगायचा: आमची मानॉन शांत. आणि आता ती त्याच्यापासून दीड हातावर उभी राहून बोलत होती, आणि शांत कुठे होती! ती धावत होती, थबकत होती, मध्येच खालच्या सुरात चेष्टा करत होती, एखादं वाक्य उगाच लांबवून शेवटी टाकून देत होती. पडद्यावरच्या म्हातारीने घरातल्या एकेका खोलीचा निरोप घेतला. त्याला एक अक्षर कळत नव्हतं. इतकी वर्षं! इतक्या वर्षांच्या संसारात तो कॉफी मागण्यापुरतं फ्रेंच शिकला होता. माँट्रियालला जाताना तिला किती वेळा सीमेपलीकडच्या विंडसरच्या स्टेशनवर सोडलं, किती वेळा आणलं, 'कसं झालं?' विचारलं, 'छान,' ती म्हणायची, आणि विषय संपायचा. त्याला स्वतःची लाज वाटली. घाम मानेवरून पाठीत उतरत होता, कपाटात जुन्या सुती कापडाचा आणि माणसांचा वास भरला होता, आणि त्याला वाटलं की हे संपूच नये.

शैलजाबाईंना पडदा दिसत नव्हता. त्यांच्या तोंडासमोर सुनेची पाठ होती. एवढ्या वर्षांत ह्या पाठीला कधी हात लावला होता का, ते त्यांना आठवेना. मघापासून त्यांच्या मनात एकच चालू होतं: पोरीला चेहरा असताना ती पडद्यामागे का बसली, असं आपण येईल जाईल त्याला हसत सांगत आलो. आपल्याला काय ठाऊक होतं? हिचा चेहरा हाच की! तो आपण कधी पाहिलाच नाही. त्यांनी भिंतीला हात टेकला. रेणूने न बोलता कम्फर्टरमधून हात काढून त्यांना धरलं.

शेवटचा शब्द रेघेला टेकला. बाईसाहेबांनी दार ओढून घेतलं आणि पडदा काळा झाला.

 हेडफोनमध्ये डायरेक्टर काहीतरी बोलली. रुचा नाक ओढत म्हणाली, "झालं. ती म्हणतेय, झालं. जुळतंय सगळं. थँक्यू म्हणतेय तुम्हा सगळ्यांना."

परीक्षितने हुश्श करून शाल काढली. रेणू सासूला धरून रडायलाच लागली, ह्या वेळी सुखाने. मानॉनने हेडफोन उतरवले, मायक्रोफोन बंद केला आणि सवयीने गळ्यातली पाटी हातात घेतली.

"थांब," सत्यजित म्हणाला. त्याने फोन वर धरला. "अठरा मिनिटं झाली. दोन उरलीत."

मानॉनचा मार्कर पाटीवरच थांबला.

"तुझी आहेत ती," तो म्हणाला.  "सोमवारनंतर कोणता आवाज येईल कोण जाणे. मला हा ऐकायचाय. बोल ना. बाईसाहेबांचं नको, तुझं. फ्रेंचमध्येच बोल. आम्हाला उद्देशून."

तिने पाटी खाली सोडली.  समोर पट्टी नव्हती, रेघ नव्हती, दुसऱ्या कोणाचं तोंड नव्हतं. कपाटात पाच माणसं कोटांमध्ये घामाघूम उभी होती आणि सगळी तिच्याकडे बघत होती. मग तिने सासूचे दोन्ही हात हातात घेतले आणि बोलायला लागली. हळू, तळातून, एकेक वाक्य पूर्ण करत. मध्येच तिने सत्यजितचं नाव घेतलं, आणि ते नाव तिने जसं उच्चारलं तसं त्या घरात आजवर कोणी उच्चारलं नव्हतं.

रुचाने डोळे पुसले आणि आजीच्या कानाशी वाकली. "आजी, ममाँ म्हणतेय की..."

शैलजाबाईंनी मानॉनवरची नजर काढली नाही.

"तू नंतर सांग गं," त्या म्हणाल्या. "आत्ता ऐकू दे मला."